चौदा दात

ताईंनी पहिला दात केला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. एका शाळामास्तरांचा पुढचा दात पडला होता. दंतवैद्याने जबड्याचा ठसा आणि रंगाची चिठ्ठी पाठवली होती, तेवढ्यावर काम भागलं असतं. पण ताई स्वतः मास्तरांकडे जाऊन त्यांना तोंड उघडायला लावून आल्या. शेजारच्या दातांवर चहाचे डाग होते. नव्या दातावरही त्यांनी तसाच एक फिकट डाग ठेवला. ज्या कवळ्यांच्या कारखान्यात ताई कामाला होत्या, त्याचा मालक वैतागला. "अगं, नवा दात करायचा होता, जुना नाही!" मास्तर मात्र आरशात बघून हरखून गेले. आपला कुठला आणि उसना कुठला, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

पुढे बारा-तेरा वर्षं ताईंनी त्याच कारखान्यात कवळ्या केल्या. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, घरात एक मोठी नणंद होती. त्या वन्सं कायमच्या माहेरी राहायला आलेल्या, जिभेने तिखट आणि मनाने चांगल्या. त्यांची कवळीही ताईंनीच केलेली. कोणाशी भांडायचं असलं की वन्सं आधी कवळी नीट बसवून घेत. म्हणत, "वहिनीने दात दिलेत, तर चावायला नको?"

मग एक दिवस कॉलेजातले एक सर स्वतःची कवळी घासून घ्यायला आले. ताई हातातल्या बारीक करवतीने काम करत होत्या आणि सर बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "आमच्याकडेही दातांचं काम असतं. फक्त पेशंट बोलत नाहीत आणि सगळे दगडात रुतलेले असतात. येता का?"

ताईंना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण तसं नव्हतं. सर भूशास्त्र शिकवत आणि त्यांनी टेकड्यांमधून डायनासोरची हाडं आणून प्रयोगशाळेत रचून ठेवली होती. ती दगडातून मोकळी करायला माणूस नव्हता. महिन्याभरात ताई कॉलेजात रुजू झाल्या, तात्पुरत्या म्हणून. मागे त्यांना सगळे कवळीताई म्हणत, तोंडावर नुसतं ताई.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. खिडक्या उंचावर, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट आणि चपला दिसत. मधोमध लांब टेबल, त्यावर वाळूच्या पिशव्या, कारण हाड कधीही कडक लाकडावर टेकवायचं नसतं. एका कोपऱ्यात धूळ ओढणारा पंखा आणि त्याची हत्तीच्या सोंडेसारखी नळी. प्लास्टर जाऊन जाऊन तुंबणारं एक बेसिन. जीवाश्म टेकडीवरून यायचे ते गोणपाट आणि प्लास्टरच्या जाड वेष्टणात, हात मोडलेल्या माणसासारखे. ते वेष्टण कापायचं, मग हवेच्या दाबावर थरथरणाऱ्या पेनाने खडक उडवत हाडाजवळ जायचं, आणि हाड केसभर अंतरावर आलं की पेन बाजूला ठेवून दंतवैद्याचा बारीक टोकाचा आकडा हातात घ्यायचा. मग एकेक कण. हाड भुसभुशीत लागलं की पातळ गोंदाचे थेंब सोडायचे आणि वाट बघायची. एका बोटाएवढ्या हाडाला महिना सहज जायचा. ताईंचा जीव त्या कामात रमला. तिथे कोणी "लवकर आटपा, पेशंट खोळंबलाय" म्हणत नव्हतं. पेशंट कोट्यवधी वर्षं खोळंबलेलाच होता.

तिसऱ्या वर्षी तो जबडा आला. दीड वीत लांब, झाडपाला खाणाऱ्या एका लहानशा डायनासोरचा खालचा जबडा, एकाच बाजूचा. पानाच्या आकाराचे दात, कडांना बारीक करवत. ताईंनी पाच महिने खपून तो मोकळा केला. पण तो दोन तुकड्यांत निघाला. मधला भाग पावसापाण्याने कधीच झिजून गेला होता. नेमका किती गेला, हे सांगायला काहीच साधन नव्हतं.

सरांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले, पुढे-मागे सरकवून पाहिले आणि मधे दोन बोटं ठेवली. "साधारण एवढं अंतर असावं. ताई, प्रदर्शनासाठी हा मधला भाग भरून द्या. दोन दात बसतील."

"अंदाजाने?"

"अंदाजानेच. लोकांना तुटका जबडा दाखवला तर त्यांना वाटतं आम्हीच तोडला."

ताईंनी त्याच खडकाची पूड करून प्लास्टरमध्ये मिसळली. रंग जुळवायला आठ दिवस घेतले. दातांच्या कडांची करवत भिंगाखाली कोरली आणि एका दाताचं टोक जरासं झिजलेलं ठेवलं, कारण शेजारचेही तसेच होते. वरून सगळ्या जबड्याला एकसारखं वार्निश दिलं. वहीत नोंद केली: मधला भाग आणि दोन दात प्लास्टरचे, सरांच्या सांगण्यावरून. सरांनी भिंग लावून पाहिलं आणि हसले. "तुम्ही तर मलाही फसवाल हो."

त्या वर्षी सरांकडे एक मुलगी संशोधनाला आली होती. बारीक चणीची, चिवचिवत बोलणारी. ताई तिला चिमणी म्हणू लागल्या आणि तेच नाव पडलं. तिला सगळं शिकायचं होतं. प्लास्टर कसं कालवायचं, रंग कसा जुळवायचा, आकडा किती जोराने दाबायचा. ती डावखुरी, म्हणून ताईंनी तिच्यासाठी टेबलावरचा दिवा उजवीकडे हलवला. दुपारचा डबा दोघी एकत्र खात. चिमणीने प्रबंध लिहिला आणि बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात त्यावर लेख छापून आला. कॉलेजात पेढे वाटावेत तसा आनंद झाला, पण नेमकं काय छापून आलं ते ताईंना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. ती भाषा त्यांच्या डोक्यावरून जाणारी.

कळलं ते तीन वर्षांनी, जिन्याजवळ मोठं चित्र लागलं तेव्हा. खाली सोप्या शब्दांत लिहिलं होतं की या गटातल्या बाकी प्राण्यांना एका बाजूला बारा दात असतात, आपल्या प्राण्याला चौदा आहेत, आणि म्हणूनच तो वेगळा, नवा, जगात फक्त आपल्याकडे सापडलेला. ताई चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग काचेच्या कपाटाकडे गेल्या आणि बोट न लावता दात मोजले. चौदा.

त्या तशाच सरांच्या खोलीत गेल्या. तिथे पाहुणे बसले होते. ताई दारातच म्हणाल्या, "सर, त्या जबड्यातले दोन दात…"

"ताई," सर म्हणाले, "ते तपशील आमच्यावर सोडा."

आवाज चढवून नाही, हसून म्हणाले. सर विसरले होते की आठवत असूनही डोळेझाक करत होते, हे ताईंना त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. त्यांची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. लिफ्टच्या कामात नवऱ्याची दोन बोटं चिरडली होती आणि तो घरी बसला होता. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असं नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणत बोलणं राहून गेलं. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही. परदेशातून आलेले विद्वान त्या काचेवर नाक टेकवून बघत आणि कोणालाही काही कळत नसे, तेव्हा ताईंना आतून जरा गुदगुल्या होत. नंतर त्या स्वतःलाच शिव्या घालत.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले आणि काही वर्षांत वारले. पाण्याची नळी फुटून जुन्या वह्या भिजल्या, बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या. त्यातच ती नोंदही गेली. चिमणी शिकवू लागली आणि पुढे विभागप्रमुख झाली. ज्या दिवशी तिच्या दारावर पाटी लागली त्या दिवसापासून ताई तिला मॅडम म्हणू लागल्या. तिने एकदा म्हटलं, "ताई, काय हे, मी चिमणीच आहे." पण ताई म्हणाल्या, "असू दे. पाटीचा मान ठेवावा लागतो." त्यानंतर दोघींमध्ये एक बारीकशी फट पडली आणि दुपारचा डबा वेगवेगळा झाला.

ताईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते तेव्हा बातमी आली की जबडा स्कॅनला जाणार. एका मोठ्या संग्रहालयाकडे हाडाच्या आतलं दाखवणारं यंत्र होतं. त्यांनी वर्षभरापूर्वीच पत्र पाठवलं होतं, पण मॅडम टाळाटाळ करत होत्या. शेवटी प्राचार्यांनीच परस्पर होकार कळवला.

"ताई, प्रवासाची पेटी तयार करा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

ताईंनी फोम कापायला घेतला. जबड्याच्या आकाराची खाच कोरता कोरता त्यांनी सुरी बाजूला ठेवली. ते यंत्र भिंग नव्हतं. त्याला प्लास्टर आणि हाड यांतला फरक कळणार होता. ताईंच्या मनात आलं, आपण जाऊ निघून, आणि ही पोर तोंडघशी पडेल. हिला तर बिचारीला काहीच माहीत नाही.

घरी त्यांनी विषय काढला. नवरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "लिफ्टची दोरी झिजलीय हे माहीत असून मी गप्प बसलो असतो तर तू काय म्हणाली असतीस?"

"इथे कोणी मरत नाही."

"मग एवढा घास का अडकलाय तुझा?"

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ते जनावर मेलं, सर मेले. आता तू कशाला जीव टांगणीला लावतेस? तीन महिने दात घट्ट मिटून बस." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पण त्या पोरीचं वाईट होईल, नाही?"

दुसऱ्या दिवशी ताई मॅडमच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. मधला भाग, दोन बोटांचा अंदाज, सरांचं बोलणं, भिजलेली वही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचे कागद सरळ करत म्हणाल्या, "ताई, तुमचा काहीतरी घोळ होतोय. तो दुसरा जबडा. त्याला तुम्ही प्लास्टर भरलं होतं."

"दुसरा कुठला?"

"बावीस वर्षं झाली ताई. एवढी कामं केलीत तुम्ही. सरमिसळ होते."

"माझी नाही होत."

"जबड्याला हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. "आहे तसाच जाऊ दे. मी सांगते ना."

ताई खाली आल्या. आपण वेड्या ठरतोय की काय, या विचाराने त्यांना धड जेवण गेलं नाही. बरं, मॅडमच्या बोलण्यात थोडंसं तथ्यही असेल असं वाटायला लागलं. पुढच्या तुकड्यावर सात दात होते की पाच? मागच्या तुकड्यावर किती? डोळ्यांसमोर ते पाच महिने स्वच्छ दिसत होते आणि आकडा मात्र हाती लागत नव्हता. स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट स्वतःलाच सापडू नये, याची त्यांना शरम वाटली.

परीक्षेचे दिवस होते. मॅडम वरच्या मजल्यावर देखरेखीला होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ताईंनी कपाट उघडलं, जबडा वाळूच्या पिशवीवर ठेवला, भिंग खाली ओढलं आणि काडीला कापूस गुंडाळून ॲसिटोनमध्ये बुडवला. पंचवीस वर्षांत त्यांनी कोणाची सूचना मोडली नव्हती. हात लावू नका म्हटलं की त्या लावत नसत. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि मागून सहाव्या दातावर कापूस टेकवला. त्यांच्या हिशेबाने आपला पहिला दात तोच.

वार्निश पिवळं होऊन कापसात उतरलं. मग तपकिरी रंग उतरला. आणि खालून पांढरट प्लास्टर दिसू लागलं. आपण वेड्या नाही.

पण भिंगातून पाहत असताना त्यांच्या कपाळावर आठी पडली. प्लास्टरमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं होती. हवेचे बुडबुडे. ताई प्लास्टर कालवलं की भांडं टेबलावर पन्नास वेळा आपटत, बुडबुडा राहूच देत नसत. आणि कडेची करवत कोरताना मारलेले फटकारे उलट्या बाजूला झुकलेले होते. उजव्या हाताने ते तसे पडतच नाहीत. त्यांनी दाताच्या मुळाशी कापूस फिरवला. खाली खरं हाड होतं आणि त्यात खरी खोबण. म्हणजे इथे एकेकाळी खरा दात होता.

त्यांनी पुढचा दात पाहिला. तो खरा निघाला. त्यापुढचे दोन पाहिले आणि त्यांना आपली पूड, आपला रंग, आपलं झिजवलेलं टोक ओळखू आलं. आपले दात दोन, ते इथे. मग तो तिसरा?

दिवा अजून उजवीकडेच होता. एवढ्या वर्षांत तो परत डावीकडे न्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

मॅडम खाली आल्या तेव्हा ताई खुर्चीत बसून होत्या. मॅडमनी जबड्यावरचे पांढरे ठिपके पाहिले आणि दारातच थांबल्या.

"हात लावू नका म्हटलं होतं मी."

"मागून सहावा," ताई म्हणाल्या. "हा माझा नाही. चिमणे, हा तुझा आहे."

मॅडम स्टूल ओढून बसल्या, ज्यावर त्या विद्यार्थिनी असताना बसत त्याच्यावरच. म्हणाल्या, "मापं घेत होते. मापणीचा चिमटा जरासा जोरात मिटला. दाताचा भुगा झाला ताई. भुगा. जोडण्यासारखं काही राहिलंच नाही."

"मग मला सांगायचंस."

"तुम्हालाच तर सांगता येत नव्हतं."

"मला? अगं, मी तुला कधी आवाज चढवून बोलले का?"

"नाही ना. तेच तर. कोणाच्या हातून काही मोडलं की तुम्ही बोलत नव्हता. नुसत्या त्या तुकड्याकडे बघत बसायचा. सर ओरडायचे ते परवडायचं." मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण आवाज कोरडा होता. "तुम्ही चार दिवस रजेवर होता, तेवढ्यात मी तो केला. तुम्ही आलात, जबडा हातात घेतलात, आणि कपाटात ठेवून दिलात. तुम्हाला कळलं नाही याचा मला इतका आनंद झाला होता. आणि त्याच रात्रीपासून झोप गेली."

आपल्यासारखा मवाळ माणूस नाही, असं ताई आजवर समजत होत्या.

"मग काल मला खोटं का पाडलंस? वेडी ठरवलंस मला."

"घाबरले. स्कॅन टळेल कसा, तेवढंच डोक्यात होतं." मॅडमनी नाक पुसलं. "पण ताई, माझा दात रिकाम्या जागी अंदाजाने बसवलेला नव्हता. तिथे खरा होता. मोजणीत फरक पडत नव्हता. मी चौदा मोजले ते चौदा समजूनच. तुमचे दोन मला माहीत नव्हते. आईशप्पथ नव्हते."

"सरांनी सांगितलं नाही?"

"नाही."

म्हणजे बावीस वर्षं एकीने दुसरीपासून एक दात लपवला होता आणि दुसरीने पहिलीपासून दोन, आणि मधे तो जबडा बसून होता. वरच्या खिडकीतून परीक्षा सुटलेल्या पोरांच्या चपला जाताना दिसत होत्या.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "ताई, तो पांढरा भाग रंगवून द्या. मला थोडा वेळ हवाय. मी माझ्या पद्धतीने सांगेन."

"कधी?"

"सांगेन."

"माझा हात नाही उचलत आता," ताई म्हणाल्या. "तू रंगव. शिकवलंय मी तुला."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण लागायचं तिथे लागलं. मॅडम उठून गेल्या.

मग तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. जबडा कपाटात तसाच, तीन पांढऱ्या दातांचा, वर कापड टाकलेला. ताई रोज येत, दुसऱ्या एका मणक्यावरचा खडक काढत, आणि संध्याकाळी हात धुताना वाटे की आजही काही झालं नाही. आपणच प्राचार्यांकडे जावं का? जायला पाय निघत नव्हते. ती पोर आपल्यासमोर वाढलेली. उद्या तिची पाटी उतरली तर आपण कुठल्या तोंडाने जिना चढणार? आणि नाही गेलो तर पुन्हा तेच, आज बोलू, उद्या बोलू. घरी वन्संनी ताट पुढे सरकवलं तरी ताईंचं लक्ष नसे. नवरा एकदा म्हणाला, "तू बोललीस, तुझं झालं. आता तिचं तिला करू दे." पण ताईंना झालं असं वाटत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी मॅडम खाली आल्या आणि एक पत्र टेबलावर ठेवलं. ज्या नियतकालिकात लेख छापला होता त्याच्या संपादकांना लिहिलेलं. ताईंना ती भाषा येत नाही म्हणून मॅडमनी ते मराठीत वाचून दाखवलं. मधला भाग प्लास्टरचा आहे. दोन दात अंदाजाने बसवलेले आहेत. एक दात माझ्या हातून मोडला आणि मी तो लपवला. तेव्हा दातांची मोजणी ग्राह्य धरू नये.

"सरांचं नाव?" ताईंनी विचारलं.

"त्यांच्या सांगण्यावरून भरला, एवढंच लिहिलंय. त्यांना आठवत होतं की नाही, ते आपल्याला माहीत नाही. माहीत नसलेलं पुन्हा लिहायचं नाही."

ताईंनी साक्षीदार म्हणून सही केली.

पुढे व्हायचं ते झालं. स्कॅनने तेच दाखवलं जे पत्रात होतं. प्राण्याला वेगळं नाव दिलं होतं ते संशयास्पद म्हणून बाजूला पडलं. कोणीतरी वर्तमानपत्रात छापलं, "प्लास्टरच्या दातांचा डायनासोर." जिन्याजवळचं चित्र एका दुपारी उतरवलं, तिथे भिंतीवर स्वच्छ चौकोन उरला. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. ताईंना बोलावून विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं का बोलला नाहीत?" ताई म्हणाल्या, "बोलले होते, अर्धं वाक्य. उरलेलं बोलायला हवं होतं." समितीतल्या एकाने हे लिहून घेतलं की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही. मॅडमचं प्रमुखपद गेलं. शिकवणं राहिलं.

सरांच्या पत्नीचा फोन आला, सकाळीच, ताई कॉलेजला निघत असताना. "ते असते तर तुम्ही असं केलं असतंत का?" त्या म्हणाल्या. "घरच्यासारखं वागवलं त्यांनी तुम्हाला."

"हो बाई. वागवलं."

"मग?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवशी ताईंची बस चुकली आणि त्या चालतच निघाल्या, वाटेत दोनदा थांबून.

शेवटचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं. जबड्यातलं प्लास्टर काढायचं काम. दुसऱ्या कोणी केलं असतं तर हाडाला धक्का बसला असता. नऊ दिवस लागले. आपलाच रंग, आपलीच पूड, आपलंच टोक, सगळं सुईने थोडं थोडं उकरून काढलं. इतकं घट्ट बसवलं होतं की दोनदा त्यांना स्वतःचाच राग आला. तिन्ही दात छोट्या डब्यांत ठेवले आणि डब्यांवर कोणी केला, कधी केला, ते लिहिलं. जबडा पुन्हा दोन तुकड्यांत आला, जसा बावीस वर्षांपूर्वी होता. खोक्यात ठेवताना प्रश्न पडला, दोन तुकड्यांमध्ये अंतर किती ठेवायचं? चिमणी तेव्हा शेजारी उभी होती. तिने दोन बोटं पुढे केली आणि मागे घेतली. मग ताईंनी दोन वेगवेगळी खोकी आणली.

निरोप समारंभ झाला नाही. अशा वेळी कोण करणार? कार्यालयातल्या कारकुनाने कागदांवर सह्या घेतल्या, किल्ल्या मोजून घेतल्या आणि "जपून जा हो ताई" म्हणाला. चिमणी त्या दिवशी रजेवर होती. खरंच काम होतं की मुद्दाम, ते ताईंनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी बेसिन एकदा स्वच्छ करून घेतलं आणि पिशवी उचलली.

घरी राहायची सवय व्हायला वेळ लागला. वन्संची कवळी सैल झाली होती, ती नीट करून दिली. वन्सं म्हणाल्या, "ही तरी खोटी आहे हे सगळ्यांना माहीत आहे ना? नाहीतर कोणीतरी चौकशी लावेल." नवरा ओशाळून ताईंकडे बघू लागला, पण ताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग आत जाऊन उगाचच कपाट आवरत बसल्या.

पाच महिन्यांनी फोन वाजला. चिमणी होती.

"ताई, अंड्यांचा एक मोठा दगड आलाय. कवच पापडासारखं सुटतंय. पातळ गोंद टाकला तर आत जिरतच नाही."

"दगड ओला आहे का?"

"थोडा."

"मग आधी वाळू दे. पंखा लावू नकोस, तडकेल. वर कागद टाकून ठेव आठवडाभर. आणि गोंद अजून पातळ कर, पाण्यासारखा. ब्रशने नाही, थेंबाने."

वीस मिनिटं दोघी गोंदावर बोलल्या. जबड्याचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी चिमणी म्हणाली, "एकदा येऊन बघाल का?"

"बघते," ताई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, "कोण होतं?" त्या म्हणाल्या, "कॉलेजातून."

त्या फोनला आता वर्ष होत आलं. मधे आणखी दोन फोन आले, दोन्ही कामाचे. दोन्ही वेळा चिमणीने या म्हटलं आणि ताईंनी बघते म्हटलं. अजून त्या गेलेल्या नाहीत.